मालकातील दोष

भिंत खोटं बोलत नाही. माणूस बोलतो, कागद बोलतो, शपथ घेतलेला साक्षीदार तर हमखास बोलतो; पण भिंत जे झालं ते अंगावर बाळगते आणि विचारणाऱ्याला निमूट दाखवते. हे तत्त्वज्ञान आमचे घरमालक मला ऐकवत होते तेव्हा आम्ही दोघं संडासात उभे होतो आणि त्यांच्या हातातली बॅटरी नळामागच्या ओलीवर रोखलेली होती. भर दुपार होती, खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. बॅटरीची काहीही गरज नव्हती. पण बॅटरीशिवाय केलेली पाहणी ते पाहणी समजत नसत.

मी धाराशिवला एका कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवायला आलो होतो आणि येडशीच्या बाजूला असलेल्या एका कॉलनीत त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या भाड्यानं घेत होतो. कॉलनी त्यांना नाझरसाहेब म्हणायची. प्रत्यक्षात ते दिवाणी न्यायालयातून बेलीफ म्हणून निवृत्त झाले होते. नोटिसा बजावणं, जप्ती करणं, घराचा ताबा एकाकडून काढून दुसऱ्याला देणं हे त्यांचं काम. नाझर त्यांचा वरिष्ठ. निवृत्तीनंतर कॉलनीनं त्यांना ही बढती दिली होती आणि त्यांनी ती नाकारली नव्हती.

त्यांच्याकडं खोली भाड्यानं घेणं म्हणजे एक छोटा खटला चालवून घेणं होतं. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात मोबाईल. व्हिडिओ सुरू केला की त्यांची अणदूरकडची बोली एकदम बंद पडायची आणि घशातून कोर्टाची मराठी यायची. "आज रोजी मौजे धाराशिव, पूर्वीचे उस्मानाबाद, येथील सदरहू घराच्या वरच्या मजल्यावरील दोन खोल्या, मोरी व संडास यांची पाहणी मालक व भाडेकरू यांनी समक्ष केली असता..." इथवर आले की खाली त्यांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा, कुकर शिट्टी द्यायचा. मग ते मोबाईल बंद करून पुन्हा मौजे धाराशिवपासून सुरुवात करायचे. शिट्टी रेकॉर्डवर नको.

नोंद फक्त दोषांची व्हायची. भिंतीचे पोपडे, सैल बिजागरी, चष्म्याच्या डबीनं ठोकल्यावर पोकळ वाजणाऱ्या फरश्या, नीट न बसणारी कडी. प्रत्येक दोष दाखवून ते भाडेकरूकडं बघत आणि म्हणत, "मान्य?" भाडेकरूनं मोठ्यानं "मान्य" म्हणायचं. मान डोलावलेली चालत नसे. मी एकदा विचारलं, की खोलीला हवा चांगली आहे, ते का सांगत नाही? तर म्हणाले, "चांगलं काय ते ऱ्हाणाऱ्याला दिसतंय की. त्याची नोंद कामून करायची? चांगल्यासाठी कुणी कोर्टात गेलेलं म्या तरी बघितलं न्हाय."

हा छंद त्यांना नोकरीत लागला. एका घराचा दावा होता. मालक म्हणे, भाडेकरूनं घराचा सत्यानाश केला. भाडेकरू म्हणे, मी आलो तेव्हाच सत्यानाश झालेला होता. तो राहायला आला त्या दिवशी घर कसं होतं, हे कुणीच नोंदून ठेवलेलं नव्हतं. दावा चालला, अपील झालं, ते चाललं. शेवटी निकाल लागला आणि हे ताबा द्यायला गेले, तेव्हा घर पडून गेलेलं होतं. त्यांनी हुकमाप्रमाणे मोकळ्या जागेचा ताबा दिला. मालकानं तो घेतला आणि सही करताना रडला, असं ते सांगत. भाडेकरूही रडला. त्या दिवशी यांना वाटलं, की या दोघांना भांडायला लावलं ते घरानं नव्हे, घराकडं वेळेवर न बघण्यानं.

गोष्ट खरी असेल. आमच्या भागात तर ती असायलाच हवी. इथं भिंतीला तडा गेला की दोनच आरोपी: भूकंप आणि भाडेकरू. दाखवताना तडा भूकंपाचा असतो, आणि 'तेवढ्या धक्क्यात टिकलेलं घर आहे' म्हणून त्याचा मान असतो. सोडून जाताना तोच तडा भाडेकरूचा होतो. भूकंपानंतर बांधलेल्या घरांनाही भूकंपाचे तडे असलेले मी पाहिले आहेत. यांच्या घराला तीन मोठे तडे होते आणि तिन्हींच्या बाबतीत त्यांनी रेकॉर्डवर सांगितलं होतं, "गवंड्याच्या हलगर्जीपणामुळे व मालकाने सिमेंट कमी दिल्यामुळे." असं बोलणारा दुसरा घरमालक मी पाहिलेला नाही.

घर आटोपलं की पाहणीचा दुसरा भाग यायचा, आणि तो कुठल्याच कायद्यात नव्हता. मोबाईल ते भाडेकरूच्या हातात द्यायचे, स्वतः भिंतीला पाठ लावून उभे राहायचे आणि टोपी सरळ करायचे. मग मालकाची पाहणी. "मालकास डाव्या कानाने कमी ऐकू येते. मालक पहाटे गुळण्या करतो, आवाज वरपर्यंत येतो. मालकास राग लवकर येतो. मालक भाडेकरूचे वाळत घातलेले कपडे पाहून पाण्याचा अंदाज काढतो. मान्य?"

मी मान्य म्हटलं. खालून काकूंचा आवाज आला, "अर्धेच सांगितले."

यापुढं मालकात नवा दोष सापडला तर भाडेकरूनं तो कधीही नोंदवावा, मालकानं तो मान्य करावा किंवा खोडून काढावा, आणि दुरुस्त होण्याजोगा असेल तर दुरुस्त करावा, असा त्यांचा नियम होता. मी पहिल्याच महिन्यात एक नोंदवला: माझं वर्तमानपत्र माझ्याआधी मालक वाचतात. ते मोबाईलसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मान्य. दुरुस्ती शक्य नाही."

या सचोटीमुळं माझ्यासमोरच्या दोन खोल्या सतत रिकाम्या असायच्या. एकदा बँकेत बदलून आलेला एक तरुण बायकोला घेऊन बघायला आला. यांनी बॅटरी लावून त्यांना सांगितलं, की या कोपऱ्यात मे महिन्यात उभं राहवत नाही, या खिडकीतून संध्याकाळी डुकरं दिसतात आणि पावसात या भिंतीला हात लावू नये. भिंतीला का हात लावू नये, हे विचारायलासुद्धा ते जोडपं थांबलं नाही. काकू त्या दिवशी जिन्यात उभ्या राहून म्हणाल्या, "घर दाखवताव का घराचं तेरावं घालताव?"

मला या माणसाचा कोर्टी थाट हास्यास्पद वाटायचा आणि तरी मी त्यांच्या बाजूचा होतो. कारण त्यांच्याकडं येण्याआधी मी याच गावात दहा-बारा घरं पाहिली होती. आमच्याकडं घरमालक जात विचारत नाही. जात विचारणं मागासलेपणाचं आहे, हे आता सर्वांना कळलेलं आहे. तो गाव विचारतो. गाव सांगितलं की विचारतो, "गावात कुठं?" वेशीजवळ, की देवळामागं, की ओढ्यापलीकडं? गल्ली कळली की त्याला सगळं कळतं, आणि मग किल्ली मिळते किंवा त्याच्याकडं अचानक पाहुणे यायचे ठरतात. खोलीत पाणी गळो, विंचू निघो, नळाला आठवड्यानं पाणी येवो. त्या खोलीबद्दल भाडेकरूनं काही विचारायचं नाही. तपासणी व्हायची ती भाडेकरूची. भिंतीला ओल आहे का, हे बघायला गेलेल्या माणसाच्या रक्ताला ओल आहे का, ते बघणारी ही जमात. एका मालकानं तर मला, हुंड्यात मिळालेलं कपाट दाखवावं तसं, आपल्या घरात आजवर कोणकोण राहून गेलं आणि कोणाकोणाला आपण राहू दिलं नाही, हे अभिमानानं सांगितलं. मी सांगितलेली गल्ली त्याला पसंत पडली होती. मला तो माणूस पसंत पडला नाही.

आमच्या मालकांनी गल्ली विचारली नाही. त्यांनी विचारलं, "खिळे किती ठोकणार?"

समोरच्या खोल्यांत शेवटी सरकारी दवाखान्यातल्या एक सिस्टर आल्या. माकणीकडच्या. सोबत त्यांची आई. सिस्टरांनी पंधरा दिवस खोल्या शोधल्या होत्या. फोनवर खोली रिकामी असायची, दारात गेल्यावर पाहुणे यायचे असायचे. इथं त्यांनी डुकरं, मे महिना, भिंत, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि प्रत्येक वेळी मान्य म्हटलं. खिळे दोन, असं सांगितलं. मालकांनी स्वतः हातोडी घेऊन ते ठोकून दिले. एका खिळ्यावर बुद्धाची तसबीर लागली, दुसऱ्यावर निळ्या कोटातली. ती कुणाची, हे महाराष्ट्रात सांगावं लागत नाही. खिडकी उघडी असली की दोन्ही रस्त्यावरून दिसायच्या.

कॉलनीला त्या दिसल्या.

कॉलनीला एक अध्यक्ष होते. हे पद त्यांना कुणी दिलं, ते मला शोधूनही सापडलं नाही. कॉलनीच्या कमानीवर त्यांचं नाव होतं आणि कमान त्यांनीच बांधली होती. अध्यक्षांच्या पत्नीला ब्लडप्रेशरचा त्रास होता आणि सिस्टर दोन-चार दिवसांनी ड्यूटीवर जाताना ते तपासून देत. तपासणी फाटकात चालायची. त्यासाठी घरातून दोन खुर्च्या बाहेर यायच्या आणि नंतर एकच आत जायची. दुसरी फाटकाबाहेर, भिंतीला टेकून, ऊन-पावसात असायची. ती सिस्टरांची. मी रोज तिच्याजवळून कॉलेजला जायचो आणि वर्गात समतेच्या चळवळी शिकवायचो.

एका रविवारी सकाळी अध्यक्ष आले. बरोबर हार्डवेअरचे दुकानदार आणि तिसरे एक गृहस्थ, जे शेवटपर्यंत बोलले नाहीत. मी खालीच होतो, माझं वर्तमानपत्र परत घ्यायला गेलेलो. अध्यक्षांनी पाऊसपाणी काढलं, मालकांच्या गुडघ्यांची चौकशी केली, मग म्हणाले, "नाझरसाहेब, आमचं कुणाचं काही म्हणणं न्हाय बरं का. जातपात आता कोण मानतंय? पण कॉलनीत एक वातावरण असतंय."

"घराला काय झालंय का?" मालकांनी उजवा कान पुढं केला.

"घराला काय व्हायचंय?"

"मग भाडेकरू काढा म्हणताव कशावरून?"

काढा असं आपण म्हटलंच नाही, असं अध्यक्ष म्हणाले. आपण फक्त विचार करा म्हणतोय. मुलाबाळांच्या, लेकीसुनांच्या दृष्टीनं. मालकांनी खुंटीवरची टोपी घेतली, बॅटरी घेतली आणि म्हणाले, "पाहणी करू. सर, तुमी पंच."

जिना चढेपर्यंत त्या तिघांना आपण कुठं चाललोय ते नीट कळलं नव्हतं. भाड्यानं दिलेल्या जागेत मालकाला परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही, हा यांचा कडक नियम, म्हणून ते दार वाजवून बाजूला उभे राहिले. सिस्टर रात्रपाळी करून आलेल्या, केस ओले. मालकांनी सांगितलं, की या मंडळींना तुमच्या राहण्याबद्दल हरकत आहे, हरकत घराच्या कुठल्या भागाबद्दल आहे ते त्यांना दाखवायचंय, आत येऊ का. सिस्टरांनी तिघांकडं एकदा पाहिलं आणि दार पूर्ण उघडलं. त्यांची आई सुपात ज्वारी निवडत बसली होती.

तिघंही उंबऱ्याशी अडखळले. आत जावं तर आत गेल्यासारखं होत होतं, न जावं तर मोबाईल चालू झालेला होता.

"पश्चिमेकडील भिंत," मालक म्हणाले. "हरकत?"

तिघांनी भिंतीकडं पाहिलं. बॅटरी फिरली. "मोरी. हरकत?" अध्यक्षांनी एक तडा दाखवला. तो जुना आहे, गवंड्याचा आणि माझा आहे, असं मालकांनी नोंदवलं. दुकानदारांनी घसा साफ केला आणि तसबिरींकडं न बघता म्हणाले, "खिळे ठोकलेत."

"दोन. परवानगीनं. हातोडी म्या धरली होती. खिळे तुमच्याच दुकानातले हायत."

सिस्टरांच्या आईनं सूप बाजूला ठेवलं. "उभं कामून ऱ्हायलाव? बसा की," त्या म्हणाल्या. कुणी बसलं नाही.

अध्यक्ष पुन्हा वातावरणावर आले. मालकांनी बॅटरी आढ्याकडं वळवली, चारी कोपऱ्यांतून फिरवली, दाराच्या मागं टाकली. "कुठल्या भिंतीला हाय ते दाखवा. सर, तुमाला दिसतंय का वातावरण?" मी नाही म्हटलं, मोठ्यानं.

"अहो, तेवढं मोबाईल बंद करा," अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले, "मग मोकळं बोलता येईल."

"मोबाईल बंद केला की मला ऐकू येत न्हाय."

"तुमी समजून घ्या ना, नाझरसाहेब."

"समजलेलं नोंदता येत न्हाय. बोललेलं नोंदता येतं. बोला."

ते तिघं त्या खोलीत उभे होते आणि जे बोलायला आले होते, ते एक वाक्य त्यांच्या तोंडून निघत नव्हतं. हेच वाक्य ते कमानीखाली बोलत होते, किराणा दुकानात बोलत होते, फाटकाबाहेर सोडलेल्या खुर्चीकडून रोज बोलून घेत होते. चारचौघांत, तोंडावर, आपल्या आवाजात बोलायची मात्र कुणाची तयारी नव्हती. मला त्या वाक्याचा जेवढा राग आला, त्याहून जास्त त्या गप्पपणाचा आला. भेकडांच्या हातात एवढी सत्ता असते, की एका बाईला आईसकट रस्त्यावर आणता येतं, आणि त्यासाठी तोंडसुद्धा उघडावं लागत नाही. मग अध्यक्षांना एकदम कुठंतरी जायचं आठवलं. तिघं जिना उतरले. जे बोलत नव्हते, ते सगळ्यात आधी.

मालकांनी मोबाईल स्वतःकडं वळवला. "पाहणीअंती हरकतदारांनी कोणताही दोष दाखवला नाही. सबब भाडेकरूचा ताबा कायम." मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. तेही तशीच अपेक्षा धरून उभे होते. थोडं थांबून त्यांनी छाती पुढं काढली आणि माणूस कसा सगळीकडं सारखाच असतो, यावर बोलायला सुरुवात केली. आवाज अजून कोर्टाचाच होता.

"काका," सिस्टर म्हणाल्या, "चालू हाय ना मोबाईल? मला एक दोष नोंदवायचाय."

"घरातला?"

"मालकातला."

ते खूश झाले. त्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला, भिंतीला पाठ लावली, टोपी सरळ केली.

"नळाची तोटी बदलायला आलाव तवा आईनं तुमच्यासाठी चहा टाकला. खिळे ठोकायला आलाव तवा टाकला. येताव तवा टाकती. दर टायमाला तुमी म्हणताव, आत्ताच झाला."

"आत्ताच झालेला असतोय," ते म्हणाले. मग त्यांनी खुलासा दिला. बेलिफानं कामासाठी ज्या घरात जायचं, त्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, हा त्यांचा दस्तूर होता. उभ्या नोकरीत तो मोडला नाही, आता म्हातारपणी कशाला मोडायचा. तत्त्व भारदस्त होतं आणि त्यांनी ते भारदस्तपणे सांगितलं.

"सरांकडं घेताव की."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. माझी खोली समोरच होती. तिथं ते पाहणीला आले की चहा घेत, वर्तमानपत्र परत द्यायला आले की चहा घेत आणि काही काम नसलं की चहा घ्यायलाच येत. मी मोबाईल धरून उभा राहिलो. पंचानं बोलायचं नसतं.

"खाली गेले ते बाहेरचे हायत," सिस्टर म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "त्यांचं मला नवीन न्हाय, त्यांच्यासाठी म्या घर सोडणार न्हाय. तुमी आत येऊन तसंच करताव. हे मिटणार नसंल तर आत्ताच सांगा काका. पहिली तारीख जवळ हाय, म्या दुसरीकडं बघते."

मालकांच्या हातातली बॅटरी अजून चालू होती आणि तिचा उजेड त्यांच्याच पायांवर पडला होता. कोर्टाची मराठी हुडकायला त्यांना बराच वेळ लागला. "मालकातील दोष," ते म्हणाले. "मालक भाडेकरूच्या घरी चहा घेत नाही. सदर दोष भाडेकरूने दाखवून दिला. मालकास..." आणि तिथं अडकले. ओठ हलले, आवाज आला नाही.

"मोठ्यानं, काका," सिस्टर म्हणाल्या.

"मान्य."

आईनं कुणी न सांगता गॅस पेटवला. मालक खाली चटईवर बसले. गुडघ्यांमुळं त्यांना बसायला त्रास झाला, पण खुर्ची देऊ का म्हटल्यावर नको म्हणाले. चहा आला. त्यांनी बशीत ओतला, फुंकला आणि सावकाश, शेवटपर्यंत प्याला. पिऊन झाल्यावर त्यांनी मिशी पुसली आणि मोबाईल समोर धरायची मला खूण केली.

"सदर दोष आज रोजी पंचासमक्ष दूर करण्यात आला," ते म्हणाले. "चहात साखर जास्त आहे."

हा दोष सिस्टरांच्या आईला मान्य झाला नाही.